हाक पोचली पाहिजे!

सदर : यंत्रामागचं तंत्र

बालदोस्तांनो, आधी एक सोपा प्रश्न. गच्चीवर उभं राहून तुम्ही जीव खाऊन ‘आईऽऽ’ अशी हाक मारली, तर ती किती लांब जाईल? खालच्या अंगणात नक्की जाईल. गल्लीच्या टोकापर्यंतही कदाचित जाईल. पण तेवढ्यात रस्त्यावरून एखादी एस.टी. धडधडत गेली, तर संपलंच! बेंबीच्या देठापासून ओरडलात तरी माणसाच्या हाकेची धाव तेवढीच.

आता दुसरा प्रश्न, जरा अवघड. तुम्ही एकटे आहात. भर समुद्रात, एका छोट्या होडीत. पाठीला जबर मार बसलाय, उठून बसताही येत नाही. आणि ऑस्ट्रेलियातलं पर्थ शहर तिथून साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण वाचतो ना, की आपला देश उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर लांब आहे? त्याहूनही हे अंतर जास्त! अशा वेळी हाक मारायची कुणाला? आणि ती पोचणार कशी?

ही गोष्ट काल्पनिक नाही बरं का. २०१८ साली एका भारतीय खलाशावर ही वेळ खरोखरच आली होती. आणि त्याची हाक पोचली. ज्या यंत्रांमुळे हे घडलं, त्यांतल्या एकाची ओळख आज करून घेऊ. त्याला म्हणतात बीकन. बीकन म्हणजे पूर्वी डोंगरमाथ्यावर पेटवत तो इशाऱ्याचा जाळ. आजचा बीकन मात्र जाळ नसून रेडिओ लहरी सोडतो.

भर समुद्रात एकटा

या खलाशाचं नाव कमांडर अभिलाष टॉमी. ते तेव्हा आपल्या नौदलातले अधिकारी होते. २०१२-१३ साली त्यांनी ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून मुंबईहून निघून, वाटेत कुठल्याही बंदरात न थांबता, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असं करणारे ते पहिले भारतीय.

२०१८ साली ते ‘गोल्डन ग्लोब’ नावाच्या शर्यतीत उतरले. ही शर्यत मोठी मजेशीर. जग फिरायचं, पण जुन्या काळच्या पद्धतीनं! वाट शोधायला जीपीएस वापरायचं नाही. होकायंत्र, कागदाचे नकाशे आणि सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजणारं सेक्स्टंट एवढ्यावरच भागवायचं. का, तर १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशानं न थांबता एकट्यानं पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही अशाच साधनांवर. गंमत म्हणजे त्यांची ‘सुहैली’ ही होडी आपल्या मुंबईत बांधलेली होती. अभिलाष यांनी तिच्यासारखीच नवी होडी गोव्यात बांधून घेतली. तिचं नाव ‘तुरीया’.

१ जुलै २०१८ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून शर्यत सुरू झाली. जवळजवळ बारा आठवडे सगळं ठीक चाललं होतं. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात भयंकर वादळानं ‘तुरीया’ला गाठलं. लाटांनी होडी चेंडूसारखी उलटीपालटी केली. डोलकाठ्या मोडून पडल्या. अभिलाष आदळले आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. त्यांना हलताही येईना.

शर्यतीत वाट शोधायला आधुनिक यंत्रं नको होती, पण एका बाबतीत आयोजकांनी मुळीच तडजोड केली नव्हती. संकटाची हाक देणारं साहित्य प्रत्येक होडीवर असलंच पाहिजे, हा नियम होता. अभिलाष यांच्याकडे उपग्रहामार्फत छोटे निरोप पाठवणारं यंत्र होतं आणि बीकनही होता. त्यांनी निरोप पाठवला, बीकन सुरू केला. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथल्या बचाव केंद्रानं सूत्रं हातात घेतली. आपल्या नौदलानं ‘आयएनएस सातपुडा’ ही युद्धनौका पाठवली. मॉरिशसहून उडालेल्या आपल्या टेहळणी विमानाला मोडक्या डोलकाठ्यांची ‘तुरीया’ दिसली. आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ हे फ्रेंच गस्तीजहाज तिथे पोचलं. लहान होड्यांतून खलाशी ‘तुरीया’वर गेले आणि त्यांनी अभिलाष यांना स्ट्रेचरवर बांधून सुखरूप बाहेर काढलं. त्याच वादळात सापडलेल्या एका आयरिश खलाशालाही त्या जहाजानं वाचवलं.

ती जागा इतकी एकाकी, की साधं व्यापारी जहाजसुद्धा तिथून सहसा जात नाही. तरी फ्रेंच, ऑस्ट्रेलियन आणि भारतीय माणसं एका होडीकडे धावली. कारण होडी कुठे आहे, ते त्यांना ठाऊक होतं!

तोफा, जाळ आणि रेडिओ

लांबवर इशारा पोचवायची धडपड माणूस फार पूर्वीपासून करत आलाय. १६६० सालची पावनखिंड आठवते ना? महाराज विशाळगडावर पोचल्याची खूण होती तोफांची. आवाज ऐकू येईपर्यंत बाजीप्रभू खिंड लढवत राहिले, असं आपण ऐकत आलो आहोत. समुद्रावर खलाशी मशाली पेटवत, पुढे दारूचे बाण उडवू लागले. पण या सगळ्यांत एक अडचण होती. ऐकणारा किंवा बघणारा जवळपास असायलाच हवा!

रेडिओ आला तरी ही अडचण पुरती संपली नाही. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकेच्या अलास्का प्रांतात एक लहान विमान हरवलं. त्यात अमेरिकी संसदेचे दोन सदस्य होते, हेल बॉग्ज आणि निक बेगिच. ३९ दिवस शोध चालला. बर्फाळ डोंगर धुंडाळले, किनारे पालथे घातले. विमानाचा तुकडासुद्धा मिळाला नाही. आजतागायत मिळालेला नाही.

अपघात होताच आपोआप रेडिओ इशारा देणारी यंत्रं विमानांत असावीत, हा विचार त्या काळात पक्का होत गेला आणि अमेरिकेत लहान विमानांनाही ती सक्तीची झाली. पण हे इशारे ऐकणार कोण? तर वरून जाणारं एखादं दुसरं विमान. ते आलं तर ठीक. नाही आलं तर?

स्टीव्हन कॅलहन या अमेरिकी खलाशाच्या बाबतीत नेमकं तेच झालं. फेब्रुवारी १९८२ मध्ये अटलांटिक महासागरात त्याची होडी बुडाली. रबरी तराफ्यावर तो एकटा उरला. त्याच्याजवळ बीकन होता. त्यानं तो सुरूही केला. पण ज्या भागात तो होता तिथून विमानंच जात नव्हती. हाक होती, पण ऐकणारे कान नव्हते. मासे मारून खात, समुद्राच्या पाण्यापासून थेंब थेंब गोडं पाणी मिळवत तो तब्बल ७६ दिवस वाहत राहिला. शेवटी २१ एप्रिलला कॅरिबियन बेटांजवळ मच्छीमारांना तो दिसला आणि वाचला.

आणि दोस्तांनो, नियतीची गंमत बघा. त्यानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, ३० जून १९८२ रोजी, अशा हाका ऐकणारा पहिला कान आकाशात गेला!

शत्रूंनी मिळून लावलेला कान

हा कान म्हणजे सोव्हिएत रशियाचा एक उपग्रह. त्या काळात अमेरिका आणि रशिया यांचं हाडवैर होतं. दोघांची क्षेपणास्त्रं एकमेकांवर रोखलेली. तरीसुद्धा १९७९ साली अमेरिका, रशिया, कॅनडा आणि फ्रान्स या चार देशांनी एक करार केला. भांडणं आपल्या जागी राहोत, पण संकटात सापडलेल्या माणसाची हाक सगळ्यांनी मिळून ऐकायची, मग तो कुठल्याही देशाचा का असेना! या व्यवस्थेचं नाव ‘कॉस्पास-सारसॅट’. यातला ‘कॉस्पास’ हा शब्द रशियन, तर ‘सारसॅट’ इंग्रजी.

सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडाच्या डोंगराळ भागात एक छोटं विमान कोसळलं. आत तीन माणसं होती. विमानातल्या बीकनची हाक रशियन उपग्रहानं ऐकली, कॅनडातल्या केंद्रानं जागा शोधून काढली आणि १० सप्टेंबरला तिघांचीही सुटका झाली. रशियाच्या उपग्रहानं कॅनडातली माणसं वाचवली! त्यानंतर आजपर्यंत या व्यवस्थेमुळे जगभरात पन्नास हजारांहून अधिक माणसांचे प्राण वाचले आहेत. आपला भारतही या व्यवस्थेत सहभागी आहे.

आगगाडीच्या शिट्टीचं गुपित

आता खरी गंमत. अवकाशातल्या उपग्रहाला एवढ्याशा डबीची हाक ऐकू येते कशी? आणि जागा कळते कशी?

बीकन हा साधारण हातात मावेल एवढा असतो. गिर्यारोहक खिशात ठेवतात तो लहान, जहाजावरचा जरा मोठा. अँटेना उघडून बटण दाबलं, की तो दर पन्नास सेकंदांनी अर्धा सेकंद एक रेडिओ संदेश सोडतो. त्याची शक्ती असते फक्त ५ वॉट. म्हणजे घरातल्या एखाद्या लहानशा एलईडी दिव्याएवढी! पण त्याचा रेडिओ पट्टा, ४०६ मेगाहर्ट्झचा, जगभर फक्त याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. त्यामुळे गोंगाट नाही. शांत वर्गात कुणी हळूच कुजबुजलं तरी बाईंना ऐकू जातं ना, तसंच!

जागा शोधायची पहिली युक्ती तुम्ही स्वतः अनुभवलेली आहे. फलाटावर उभे असताना न थांबणारी आगगाडी शिट्टी वाजवत येते. येताना आवाज उंच, बारीक वाटतो. समोरून निघून गेली की तोच आवाज एकदम खाली उतरतो, जाडसर होतो. याला म्हणतात डॉप्लर परिणाम. डोळे मिटून उभे राहिलात तरी गाडी नेमकी कधी समोरून गेली, ते कानांनी कळतं.

सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह दर सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक धावतो. तो बीकनकडे येत असताना लहरींची कंपनं थोडी जास्त भासतात, दूर जाताना थोडी कमी. हा बदल कसकसा होत गेला, ते मोजून गणित मांडलं की बीकनची जागा साधारण पाच किलोमीटरच्या आत सापडते. म्हणजे बघा, शाळेत जे सूत्र रुक्ष वाटतं, तेच कुणाचा तरी जीव वाचवतं!

आता यात बरीच सुधारणा झाली आहे. बऱ्याच बीकनमध्ये जीपीएस असतं. ते आपली जागा स्वतःच संदेशात लिहून पाठवतं. मग शोध पाच किलोमीटरचा न राहता शे-दीडशे मीटरचा उरतो. उपग्रहही तीन मजल्यांवर आहेत. खालचे हे धावते. सर्वांत वरचे ३६,००० किलोमीटरवर, पृथ्वीच्या बरोबरीनं फिरणारे. आपल्या काही इन्सॅट उपग्रहांवरही असे कान बसवलेले आहेत. आणि मधले वीस हजार किलोमीटरच्या आसपासचे, वाट दाखवणारे उपग्रह. २०२० सालापासून युरोपच्या ‘गॅलिलिओ’ उपग्रहांनी आणखी एक सोय दिली. हाक ऐकू आली की ते उलट निरोप धाडतात आणि तशी सोय असलेल्या बीकनवर खूण दिसते : ‘ऐकलं बरं का!’ संकटातल्या माणसाला त्या खुणेनं केवढा धीर येत असेल!

तीन भावंडं

बीकनची तीन भावंडं आहेत. विमानात बसवलेला बीकन धक्का बसताच आपोआप सुरू होतो. जहाजावरचा बीकन एका खास कडीत अडकवलेला असतो. जहाज बुडालं, तर काही मीटर खोलीवर पाण्याच्या दाबानं कडी सुटते, बीकन तरंगत वर येतो आणि पाणी लागल्यानं आपणहून बोलू लागतो. तो निदान ४८ तास हाक देतो. तिसरा धाकटा भाऊ खिशातला. डोंगरात, जंगलात, वाळवंटात जाणाऱ्यांसाठी. तो मात्र हातानंच सुरू करावा लागतो आणि निदान २४ तास चालतो.

न्यूझीलंडच्या डोंगरांत किंवा ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशात फिरायला जाणारे लोक हा धाकटा भाऊ बरोबर ठेवतात. विकत घेणं परवडत नसेल, तर तिथे तो भाड्यानं मिळतो. आपण तंबू भाड्यानं आणतो ना, अगदी तसाच! पण लक्षात ठेवा, बीकन बोलतो आकाशाशी. दरीच्या खोल फटीत, गुहेत किंवा दाट झाडीखाली त्याचा आवाज अडतो. मोकळ्या आकाशाखाली, अँटेना उभी ठेवूनच तो वापरायचा.

पहिला फोन घरी!

बटण दाबलं की पुढे काय होतं? उपग्रहाकडून संदेश जमिनीवरच्या केंद्रात उतरतो. आपल्या देशासाठी हे नियंत्रण केंद्र बंगळुरूला, इस्रोकडे आहे. तिथून तो बचाव पथकांकडे जातो. समुद्रावरचं काम तटरक्षक दल बघतं. त्यांचं एक बचाव केंद्र आपल्या मुंबईतच आहे.

प्रत्येक बीकनच्या संदेशात त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. तुमचा परीक्षेचा नंबर असतो ना, तसा. बीकन घेतला की या क्रमांकापुढे मालकाचं नाव, होडी किंवा विमानाची माहिती आणि घरच्यांचे फोन नंबर नोंदवायचे असतात. हाक आली की बचाव केंद्र बहुतेक वेळा आधी त्या नंबरवर फोन करतं. ‘तुमचा माणूस कुठे गेलाय? बरोबर किती जण? परत कधी यायचा होता?’

आता बघा हं, यंत्र कितीही हुशार असलं, तरी या प्रश्नांची उत्तरं घरच्यांकडेच असतात. घरी कुणाला काही सांगितलेलंच नसेल, तर बिचारे काय उत्तर देणार?

टीव्हीनं मागितली मदत!

एक गमतीदार हकीकत सांगतो. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात एका बीकनची हाक उपग्रहाला ऐकू आली. शोधपथक निघालं, हाकेचा माग काढत थेट एका विद्यार्थ्याच्या खोलीशी येऊन थडकलं. दार उघडलं तर आत ना विमान, ना होडी. त्याच्या टीव्हीत काहीतरी बिघाड झाला होता आणि तो नेमक्या संकटाच्या इशाऱ्याच्या पट्ट्यावर लहरी सोडत होता! टीव्ही पुन्हा लावलास तर दंड होईल, अशी तंबी त्या मुलाला मिळाली.

हसू आलं ना? पण यात एक गंभीर गोष्ट आहे. जुने बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवर नुसता आवाज काढत. त्यात ओळख क्रमांक नसे. त्यामुळे खरी हाक कुठली आणि खोटी कुठली, ते कळेना. म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी तो जुना पट्टा ऐकणंच बंद केलं. आता फक्त ४०६ मेगाहर्ट्झचे, ओळख सांगणारे बीकन ऐकले जातात. तरीसुद्धा चुकून बटण दाबलं जाणं, जुना बीकन भंगारात टाकून देणं, यामुळे खोट्या हाका येतच असतात. प्रत्येक खोट्या हाकेमागे खरं विमान, खरी माणसं धावतात. आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी खरोखर बुडत असेल तर? ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण उगाच नाही शिकलो!

समजा, चुकून बटण दाबलं गेलंच, तर काय करायचं? गुपचूप बंद करून ठेवायचं नाही. ताबडतोब बचाव केंद्राला कळवायचं. चूक कळवली म्हणजे धावपळ थांबते.

मदत मागणं म्हणजे भित्रेपणा?

आता मोठ्या मुलामुलींसाठी थोडं. तुमच्या वयात एक भूत मानगुटीवर बसतं. ‘मला जमतं’ हे ते भूत. पायवाट चुकली तरी बोलायचं नाही, पाय मुरगळला तरी सांगायचं नाही, बाकीचे हसतील ना! आणि मग छोटी अडचण मोठी होते. दुपारी चारला सांगितलं असतं तर सहज सुटली असती, ती रात्री आठला जीवावर बेतते.

अभिलाष टॉमी तेव्हा नौदलाचे वैमानिक होते. २०१२-१३ च्या सागरपरिक्रमेबद्दल त्यांना कीर्ती चक्र मिळालेलं. त्यांना कुणी भित्रा म्हणेल का? पण पाठ मोडली तेव्हा त्यांनी फुशारकी मारली नाही. निरोप धाडला, हाक दिली. संकट ओळखणं आणि वेळेवर मदत मागणं, हाही धैर्याचाच भाग आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. बीकन खिशात आहे म्हणून वाटेल ते धाडस करायचं नाही. तुम्हाला काढायला येणारा माणूसही कुणाचा तरी बाबा, कुणाची तरी ताई असते. ती माणसं वादळात, अंधारात, स्वतःचा जीव धोक्यात घालून येतात. म्हणून बीकनचा नियम एकच : जीवावर बेतलं असेल आणि दुसरा मार्ग उरला नसेल, तेव्हाच. दमलो, भूक लागली, उशीर झाला म्हणून नाही.

अभिलाष यांची गोष्ट २०१८ मध्ये संपत नाही. त्यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. ते पुन्हा चालायला लागले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा त्याच शर्यतीत उतरले! त्या नोव्हेंबरात फिनलंडच्या टापिओ लेहटिनेन यांची होडी आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या समुद्रात अवघ्या काही मिनिटांत बुडाली. त्यांचा बीकन बोलू लागला. आयोजकांनी जवळच्या होड्यांना विनंती केली, आणि दोन स्पर्धकांनी शर्यत बाजूला ठेवून होड्या वळवल्या. एक दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर, आणि दुसरे आपले अभिलाष टॉमी! कर्स्टन आधी पोचल्या. त्यांनी टापिओंना तराफ्यावरून आपल्या होडीत घेतलं आणि मग ‘दर्या गायत्री’ नावाच्या मालवाहू जहाजाच्या स्वाधीन केलं. पुढे एप्रिल २०२३ मध्ये शर्यत संपली, तेव्हा पहिल्या आल्या कर्स्टन आणि दुसरे आले अभिलाष. ज्याची हाक एकदा जगानं ऐकली, तो दुसऱ्याच्या हाकेला धावला.

आपल्याकडे काय?

आपल्या कोकणातले मच्छीमार दिवसेंदिवस समुद्रावर असतात. किनारा दिसेनासा झाला की मोबाइलची रेंजही जाते. त्यांच्यासाठी इस्रोनं खास संकटसूचक यंत्र बनवलंय. आग लागली, होडी बुडायला लागली, कुणी आजारी पडलं, तर त्या त्या संकटाचा निरोप उपग्रहामार्फत जातो. २०२४ मध्ये याची सुधारित आवृत्ती कामाला लागली. तिच्यात ‘निरोप मिळाला’ अशी पोचही होडीवर परत येते. तुमच्या वर्गात कुणाचे बाबा दर्यावर जात असतील, तर त्यांना विचारा हं, होडीवर असं यंत्र आहे का. समुद्रावरच्या संकटासाठी तटरक्षक दलाचा फोन नंबर आहे १५५४.

आणि सह्याद्री? आपण काही अंटार्क्टिकाला जात नाही, शनिवार-रविवार गडावर जातो. तिथे खिशात बीकन नसतो. पण पावसाळ्यातलं धुकं, निसरडे कडे आणि दरीत गायब होणारी रेंज, हे सगळं असतंच. वाट चुकलेल्यांना शोधायला लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री धावतात. त्यांचं काम सोपं करणं आपल्या हातात आहे. त्यासाठी बिनपैशाचा बीकन आत्ताच तयार करू!

करून पाहा

१. सहलीची चिठ्ठी : निघण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहा. कुठे जातोय, कुठल्या वाटेनं, बरोबर कोण कोण, परत कधी येणार, आणि ‘इतक्या वाजेपर्यंत आलो नाही तर अमक्यांना फोन करा’. ही चिठ्ठी घरी द्या. बेत बदलला तर रेंज आहे तोवर घरी कळवा.

२. शिट्टी : गळ्यात एक शिट्टी असू द्या. घसा बसतो, शिट्टी बसत नाही! डोंगरातला जगभर चालणारा संकेत असा : एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा वेळा. उत्तर येतं मिनिटाला तीन शिट्ट्यांचं. रात्री हेच टॉर्चनं करता येतं, उन्हात आरशानं. मात्र हा संकेत गंमत म्हणून गडावर वाजवायचा नाही. सराव घराच्या अंगणातच!

३. थांबा : वाट चुकलोय असं लक्षात आलं की धावत सुटू नका. एका जागी, मोकळ्यावर, सगळे एकत्र थांबा. थांबलेला माणूस लवकर सापडतो.

४. मोबाइल : बॅटरी वाचवा. आणीबाणीचा नंबर ११२. तुमच्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीचा मनोरा जवळ असेल तर हा फोन लागू शकतो. म्हणून प्रयत्न करून बघा.

आईबाबांसाठी चार ओळी

मुलं सहलीला जाताना आपण डबा, पाणी, स्वेटर सगळं विचारतो. ‘वाट कुठली? म्होरक्या कोण? परत किती वाजता?’ हेही विचारा आणि लिहून ठेवा. परदेशात दुर्गम भागात जाणार असाल, तर तिथे बीकन भाड्यानं मिळतो का, याची चौकशी जरूर करा. २०२२ नंतर काही मोबाइलमध्येही उपग्रहामार्फत मदत मागायची सोय आली आहे, पण ती सगळ्या देशांत चालत नाही. आणि एक महत्त्वाचं : आपल्या देशात सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी यंत्रं सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकांनी हौसेनं आणलेलं असं यंत्र वापरण्यापूर्वी, किंबहुना आणण्यापूर्वीच, नियम विचारून घ्या. बीकन घेतलात तर त्याची नोंदणीही व्हायला हवी.

शेवटचं, आणि सगळ्यांत गरजेचं. वाट चुकून, उशीर करून आलेल्या मुलाला दारातच फटके बसले, तर पुढच्या वेळी ते अडचण लपवायला शिकतं. आधी पाणी द्या, जवळ घ्या. बोलायचं ते उद्या बोला. मुलाची पहिली हाक आपल्यालाच यायला हवी ना?

डोकं चालवा

१. बीकनमध्ये जीपीएस नसलं, तरी धावत्या उपग्रहाला जागा कशामुळे कळते?

२. बीकन गुहेत सुरू केला तर काय होईल? का?

३. तुमच्या घरी आत्ता बचाव केंद्राचा फोन आला, तर तुमच्या मागच्या सहलीबद्दल घरच्यांना किती प्रश्नांची उत्तरं देता आली असती?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं याच लेखात दडलेली आहेत. तिसऱ्याचं उत्तर मात्र आज जेवताना घरच्यांनाच विचारा. आणि ते पटलं नाही, तर चिठ्ठीचा कागद तयार ठेवा!